मामाने चाळलेली माती

माझा मामा जमिनीखालून हवा फिरवतो. म्हणजे दीड पुरुष खोल चर खणायचा, त्यात लांबलचक पाइप पुरायचा आणि टोकाला पंखा बसवायचा. बाहेरची तापलेली हवा त्या पाइपातून जाता जाता आपली उष्णता मातीला देते आणि खोलीत गार होऊन येते. थंडीत उलट, ऊब घेऊन येते. दोन शाळा आणि एक छापखाना त्याने असा गार केलाय, आणि प्रत्येक मालकाला सुनावलंय, "पाइप काय, कुणीही पुरेल. काम करते ती माती!"

चर बुजवण्याआधी तो मूठभर मातीचा गोळा वळतो आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडतो. दोन-तीन तुकडे झाले तर माती कामाची, ओलसर आणि घट्ट. पार भुगा झाला तर नापास. "कोरडी, भुसभुशीत माती म्हणजे पाइपावर घातलेली गोधडी. उष्णता पुढे सरकतच नाही!" हे मी जेवताना ऐकलंय, लग्नात ऐकलंय आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना ऐकलंय.

मामीने हे बावीस वर्षं ऐकलं. यंदा मात्र तिने ठणकावलं, "अहो, जगाला गार करता आणि मी इथे पत्र्याखाली भाजून निघते. खोली गार झाली नाही तर मी चालले ताईकडे. चांगले दोन महिने. तिच्याकडे एसी आहे."

मामाला धडकीच भरली. त्याला चहासुद्धा करता येत नाही. शिवाय त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस जगात एकच. आम्ही बाकीचे काहीतरी निमित्त काढून सटकतो.

त्याने अंगणात चर खणला आणि पाइप टाकला. मग आजवर कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. चरातून निघालेली माती उन्हात वाळवली आणि सगळीच्या सगळी चाळली. खडा नाही, ढेकूळ नाही. "तिच्या खोलीची माती आहे," म्हणाला. पाइपाला धक्का नको म्हणून ती धुमसने ठोकून घट्टही केली नाही, हलक्या हाताने पसरली. गोळा वळून बघितला का, विचारलं तर माझ्यावरच डाफरला, "घरच्या मातीवर संशय घेतोस?"

तीन दिवस खोली गार. चौथ्या दिवशी कोमट, पाचव्या दिवशी भट्टी. मामाने पंखा दोनदा खोलला, खिडकीला दोष दिला, मग मला बाहेर काढलं. म्हणे माणसाच्या अंगातूनही उष्णता निघते. सहाव्या दिवशी मामीने बॅग भरली.

अंगणातून जाता जाता ती चरापाशी थांबली. वाकून मूठभर माती घेतली, दाबली. गोळा वळलाच नाही. बोटांतून सगळी भुरभुर गळून गेली.

"अहो," मामी म्हणाली, "ही गोधडी कुणी शिवली?"

मामाचा चेहरा पडला. इतकी वर्षं लोकांना शिकवलं ते स्वतःच्या दारात विसरला होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. "तुझ्यासाठी म्हणून चाळली गं."

त्याने लगेच चरात पाण्याची नळी सोडली. माती हातभर खाली बसली. वर शेजारच्या घराच्या पायाच्या खोदकामातली चिकट माती आणून टाकली आणि आम्ही दोघांनी ती भर उन्हात धुमसून काढली. मामी ओसरीत बॅगेवर बसून कुठे कोरडं राहिलंय ते बोट दाखवून सांगत होती.

खोली पुन्हा गार व्हायला आठ दिवस लागले. पण मामीने ताईला फोन लावला तो त्याच दुपारी, घाम पुसत.

"नाही गं जमत यायला... हो, उकडतंय, खूप उकडतंय. चूक यांचीच. पण तू मला सांग, तुझा एसी तुझ्यासाठी कुणी चाळून बसवला होता का?"