बारा नवरात्रं बसलेला घसा

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी वसाहतीत विद्युलता साळवेचा घसा प्रसिद्ध होता. एरवी तो खणखणीत असे. लष्कराचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती, आणि शंभर शिलाई यंत्रांच्या खडखडाटावरून तिची "ही दुमड उसव आधी!" ही आरोळी शेवटच्या रांगेतल्या कारागिराच्या छातीत धडकी भरवी. पण नवरात्राची घटस्थापना झाली, की हा घसा बसे. नऊ दिवस बसे आणि दसऱ्याला आपोआप उठे. गेली बारा वर्षं त्यानं एकदाही तिथी चुकवली नव्हती. पंचांगात छापावं इतकं नेमकं दुखणं.

कारण असं, की चेन्नईत नवरात्रात घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, देव, राजे, वाणी-वाणीण, कधी प्लास्टिकचा क्रिकेट संघसुद्धा. बायका एकमेकींकडे कोलू बघायला जातात, हळदीकुंकू घेतात, द्रोणातलं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, खातात, आणि खाण्याआधी पाहुणीनं एक गाणं म्हणायचं असतं. म्हणायचंच. आवाज फाटका असो, सूर भरकटो, सुटका नाही.

आणि विद्युलताला येत होती ती सगळी गाणी येशूची होती.

ही गोष्ट वसाहतीत कुणाला माहीत नव्हती. नाव विद्युलता, नवऱ्याचं नाव शरदचंद्र, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती माणसं अशीच असतात हे मद्रासेत कोण सांगणार? विद्युलतानं तर नाहीच सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या एका गावी तिनं ते सरळपणानं सांगितलं होतं. तेव्हा घरमालकिणीनं दुसऱ्या दिवसापासून तिचा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवला, आणि महिन्याभरात घर रिकामं करून घेतलं. तो पेला विद्युलताच्या मनातून कधी हलला नाही.

म्हणून आवडीला आल्यावर तिनं तोंड मिटलं. रविवारी सकाळी दोघं नटूनथटून निघत ते "जादा पाळीला". २५ डिसेंबरला घरात केक कापला जाई तो शरदचंद्रच्या वाढदिवसाचा. त्या बिचाऱ्याचा जन्म जूनमधला. तरी दर नाताळला शेजारच्या गोदाक्का निरांजन घेऊन येत, त्याला पाटावर बसवून ओवाळत, आणि तो चोरासारखा मान खाली घालून वर्षातून दोनदा म्हातारा होई.

गोदाक्का म्हणजे तंजावरच्या मराठी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि जाताना नेलेलं मराठी त्यांनी लोणच्यासारखं मुरवून ठेवलं. त्या "झालं" म्हणत नाहीत, "होलं" म्हणतात. "सगळे" म्हणत नाहीत, "अस्के" म्हणतात. आणि मध्येच एखादं तमिळ वाक्य असं घुसवतात, की ऐकणारा जिन्यात पाय चुकल्यासारखा थबकतो. विद्युलता राहायला आली त्याच दिवशी त्यांनी तिला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं होतं. "तू आमची भाषा बोलतीस. बाहेर कशाला बसतीस गे?" त्या घरात विद्युलताला वेगळा पेला नव्हता. तोच पेला पुढंमागं निघेल, ही तिची भीती होती. बाकी ती कुणाच्या बापाला घाबरत नसे.

दर नवरात्रात घसा बसला, की गोदाक्का काढा करत. मिरी, सुंठ, ओवा, अडुळसा आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव त्या सांगत नसत. तो काढा इतका कडू असे, की ती पिताना शरदचंद्रचे डोळे पाणावत, आणि तो तर नुसता बघत असे. विद्युलता निरोगी घशानं तो नऊ दिवस, दोन वेळा, घोट न सोडता प्यायची.

यंदाच्या नवरात्रात मात्र गोदाक्का काढा न करता बसून राहिल्या. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी अण्णा नगरच्या इस्पितळात त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. अष्टमीच्या संध्याकाळी कोलूसमोर पंधराएक बायका जमल्या. सून रंजनी सुंडल वाटत होती. भवानीमामी नावाच्या शेजारीणबाई आपलं नेहमीचं गाणं नेहमीच्या ठिकाणी विसरून खाली बसल्या.

"आता विद्यु," गोदाक्का म्हणाल्या.

विद्युलतानं गळ्याला हात लावला. "अक्का, घसा..."

"ठाऊक आहे. गाऊ नको. बोल. बोलायला तुला काय होलं? सकाळी भाजीवाल्याशी भांडताना अस्क्या वसाहतीनं ऐकलं."

बायका हसल्या. गोदाक्का हसल्या नाहीत.

"माझे आजोबा तंजावरात मराठी कीर्तन करत. चिपळ्या घेऊन उभे राहिले, की मी पायाशी बसायची. साठ वर्षं होलीं, कानावर पडलं नाही. ती पिढी गेली. तू तर त्या मुलखातली. दसरा होला, की मला चिरणार. त्याआधी एक कथा ऐकव. कुणाची का असेना."

विद्युलता गळ्यावरचा हात काढायला विसरली. कारण तिला कीर्तन येत होतं. तिचे वडील गावच्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, उपरणं बांधून, झांजा घेऊन कीर्तन करत, आणि दहा वर्षांची विद्युलता मागे उभी राहून धृपद धरत असे. एकच आख्यान तिला मुखोद्गत होतं. ते आता गिळून टाकायचं, की...

तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पेला नव्हता. अजून नव्हता.

मग तिनं कमरेला पदर खोचला आणि उभी राहिली.

"एका गावात एक बाई होती," ती म्हणाली, आणि आवाज कापला. "बारा वर्षं तिला रक्तस्रावाचं दुखणं. दुखण्यामुळे कुणी तिला शिवत नसे. तिनं कुणाला शिवायचं नाही, कुणाच्या घरात बसायचं नाही."

भवानीमामींचा सुंडलाचा हात तोंडाशी थांबला. वेगळं बसणं काय असतं हे त्या खोलीतल्या एकाही बाईला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"आणि गावात येशू आला," विद्युलता म्हणाली. नाव बाहेर पडलं. छत कोसळलं नाही. पंखा फिरत होता. मग वडिलांनी रचलेली ओवी तिच्या पोटातून उठली, ती बसलेल्या घशातून कशी वर आली ते तिलाही कळलं नाही:

*बारा वर्षं दुखणं अंगी, थकले वैद्य दारोदारी;*
*काठ वस्त्राचा शिवेन, एवढीच आस उरी.*

अहो, काय तो आवाज! पायरीवरच्या बाहुल्यासुद्धा कान देऊन उभ्या आहेत असं वाटावं. रंजनी पातेलं हातात घेऊन दारातच खिळली. बाहेरून जाणारी एक बाई चपला न काढताच उंबऱ्यात उभी राहिली आणि तिला कुणी रागावलं नाही.

"मी दिवसभर काठच तपासते," विद्युलता सांगत होती. "काठ म्हणजे कपड्याचं सगळ्यात खालचं टोक. धूळ तिथं, चिखल तिथं. कुणी बघत नाही तिकडे. ती गर्दीत मागून आली आणि तो काठ तिनं धरला. बरी झाली! त्याच क्षणी! आता गुपचूप घरी जायचं. पण तो थांबला. म्हणाला, मला कोण शिवलं? एवढी गर्दी, सगळे धक्के देताहेत, आणि हा विचारतो, कोण शिवलं! ती लपली होती. लपून बरं झालेलं त्याला पुरेसं वाटेना. मग ती थरथरत पुढे आली, त्याच्या पायाशी पडली, आणि सगळ्यांदेखत तिनं सगळं खरं..."

इथं विद्युलता थांबली. हे आख्यान तिनं हजारदा मनात म्हटलं होतं, पण ही बाई कोण आहे ते तिला आजवर दिसलं नव्हतं. आपण सांगतो आहोत असं तिला वाटत होतं. इथं तर कुणीतरी तिलाच बारा वर्षं थांबून विचारत होतं.

"अक्का," ती म्हणाली, "माझा घसा कधीच बसला नव्हता. मी ख्रिस्ती आहे. मला याचीच गाणी येतात. तुम्ही मला घरात घेणार नाही अशी भीती वाटली, म्हणून खोटं बोलले."

गोदाक्का उठल्या, भिंतीला धरत आत स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला. पेला काढताहेत, विद्युलताला वाटलं. तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला.

गोदाक्का बाहेर आल्या. हातात काढ्याचं भांडं होतं, पितळेचं, घरातलं जुनं.

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या, "चांगल्या घशानं तू हे प्यायलीस?"

"हो."

"मी एकदा चाखून बघितलं होतं. थुंकलं. अय्यो, यात मी कडुनिंब घालत होतें गे!" त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि त्या विद्युलताकडे नुसत्या बघत राहिल्या, आजोबांकडे बघत असतील तशा. "माझ्या स्वयंपाकघरासाठी? एवढ्यासाठी?"

विद्युलतानं मान डोलावली.

"वेडी. बस. पुढचं सांग. तो काय म्हणाला त्या बाईला? ओरडला?"

"नाही. म्हणाला, मुली. तुझ्या विश्वासानं तू बरी झालीस. शांतीनं जा."

"मुली म्हणाला?"

"मुली म्हणाला."

गोदाक्कांनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. "थांब. म्हणजे शरदचंद्राचा वाढदिवस?"

"जूनमधे असतो, अक्का."

"मग बारा वर्षं मी ओवाळलं ते कुणाला?"

यावर बायकांत जो हशा पिकला त्यात भवानीमामींचं सुंडल सगळीकडे सांडलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, इस्पितळाची गाडी यायच्या आधी, गोदाक्कांनी आपल्या देवांपुढे दिवा लावला, नमस्कार केला, आणि शेजारी निरोप धाडला. विद्युलता आली तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. जवळ मुलगा, सून आणि भवानीमामी उभ्या होत्या. गोदाक्कांचे हात थंड होते.

"माझ्या देवांना मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता तुझ्याला तू सांग. मनात नको. मोठ्यानं. त्याला आमचं तंजावुरी मराठी कळेल ना गे?"

"त्याला थरथरणारं मराठीसुद्धा कळतं, अक्का," विद्युलता म्हणाली. तिनं तो थंड हात दोन्ही हातांत घेतला, आणि सगळ्यांदेखत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात, देवाला गोदाक्कांचं नाव सांगितलं.