अकरा पानठेले आणि एक स्टुडिओ

चहा हातात आहे ना? मग ऐका, मी कसे अकलेचे तारे तोडले ते!

गोष्ट सत्तर-बाहत्तरची. आमची नंदनवन वस्ती तेव्हा नुकती वसत होती. घरांना नंबर नाहीत, गल्ल्यांना नावं नाहीत. तिथे मी फोटो स्टुडिओ टाकला. मागे काश्मीरचा पडदा, पुढे ऐटदार खुर्ची. गिऱ्हाईक? महिनाभरात एकही नाही!

समोर शामरावांचा पानठेला. बघतो तर काय, जो तो पत्ता त्यांनाच विचारतो आणि ते बोट दाखवतील तिकडे मुकाट चालू लागतो! मी थक्क! अहो, एका बोटात केवढी ताकद!

लगेच सायकल काढली. नंदनवनातले अकराच्या अकरा पानठेले गाठले. प्रत्येकाचा फोटो फुकट काढला आणि हात जोडले, "भाऊ, कोणी काहीही विचारलं तरी माझ्याकडे पाठवा!"

"काहीबी?" शामरावांनी खात्री करून घेतली.

"काहीबी!"

इथेच मेलो.

रविवारी सकाळी दुकान उघडलं, तर दारात रांग! डोळेच भरून आले माझे. पहिल्या आजींना खुर्चीत बसवलं, दिवे लावले. म्हटलं, "आजी, जरा हसा."

"हसू कशी गा? दाढ ठणकून राहिली माही! तू दाताचा डाक्टर नाही का?"

त्यांच्यामागे गव्हाचा डबा घेऊन एक गृहस्थ. त्यांना चक्की हवी होती!

तेवढ्यात कोट-टोपीतली चार माणसं आली, सोबत नवा सूट घातलेला तरुण. ही मात्र खरी गिऱ्हाईकं! ओळीत बसवून तीन फोटो काढले. तरुणाचे वडील घड्याळ बघत म्हणाले, "फोटो झाले जी. आता पोरीले बोलवा."

"कोणत्या पोरीला?"

"म्हंजे? आम्ही वर्ध्याहून पोरगी पाहाले आलो! तुम्ही पोरीचे वडील नाही?"

 इतक्यात आणखी एक गृहस्थ धापा टाकत आत शिरले. "पाहुणे इथं काहून बसले जी? घरी पोहे थंडे होऊन राहिले! पाहुणे दिसले का म्हणून पानठेल्यावर विचारलं, तं त्यानं इकडेच धाडलं!"

म्हणजे बघा! ज्यानं चुकवलं त्यानंच गाठ घालून दिली. मी पुन्हा थक्क!

लग्न जमलं. महिन्याभरानं मुलीचे वडील पत्रिका घेऊन आले. उघडली, तर खाली माझ्या स्टुडिओचं नाव छापलेलं! छाती अशी फुगली म्हणून सांगू! भारावून विचारलं, "मग फोटो किती काढायचे?"

"नाही जी, फोटोवाला इतवारी बाजारातून येऊन राहिला," ते संकोचून म्हणाले. "तुमचं नाव मंडपाच्या खुणेसाठी टाकलं. अख्ख्या नंदनवनात लोकायले तुमचाच तं पत्ता माहीत आहे!"