आसनावरचा दुसरा

"पंडितजी, ये गाँठ आप जन्म से साथ लाए हैं. अब इसमें कैंसर है," द्वारकेतील रुग्णालयात डॉक्टर म्हणाले. शेजारी बसलेल्या पत्नीने माझे मनगट घट्ट धरले.

टेलगट सिस्ट हे त्या गाठीचे नाव. गर्भाला काही काळ शेपटी असते. तिच्यातील आतड्याचा अंश जिरला नाही, तर गुदाशयामागे, माकडहाडापुढे, द्रवाच्या पिशवीसारखा राहतो. हे क्वचित घडते. त्यात कर्करोग होणे त्याहून क्वचित.

पूजेला बसलो की खाली जडपणा वाटे. मूळव्याध असेल, असे समजून मी आसनाला आणखी एक घडी घातली. डॉक्टरांकडे सून सोबत असे. तिच्यासमोर त्या जागेचा उच्चार कसा करावा, म्हणून "कंबर धरते" एवढेच सांगत राहिलो. तुमच्यापैकी कोणाला असे होत असेल, तर कृपया जागेचे नाव घेऊन सांगा.

पुढे रक्त दिसले आणि एमआरआय झाला, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने घेतलेली शरीराच्या आतील चित्रे. त्यातला पांढरा गोल डोळ्यांपुढून हलेना. मुंजीत वडिलांनी कानात गायत्री सांगितली, तेव्हाही ही गाठ तेथे होती. प्रत्येक संध्येला आम्ही दोघे बसत होतो.

शस्त्रक्रियेत गाठीसह गुदाशय आणि माकडहाडाचे टोक काढले. शुद्धीवर आलो, तो पोटावर स्टोमा होता: आतड्याचे टोक बाहेर आणून केलेले मलद्वार, त्यावर चिकटवलेली पिशवी. "ये अब हमेशा रहेगी," डॉक्टर म्हणाले.

मरणाचे भय सोसले होते. येथे मात्र मी खचलो. अंगावर मळ वागवीत सोवळे कसे नेसावे? घरी आल्यावर देव्हाऱ्यापासून दूर, दाराशी बसू लागलो. पूजा पत्नी करी.

एका सकाळी गंध उगाळताना ती म्हणाली, "अहो, आजवर काय पोटात कापूर घेऊन बसत होतात? हेच होतं, फक्त आत होतं. देवाला आतलं दिसत नव्हतं होय?"

"अगं, पण शास्त्र..."

"शास्त्र सावकाश सांगा. माझा हात भरून आलाय. या, उगाळा."

पिशवी बदलून, स्नान करून मी आसनावर बसलो.

तपासणी जवळ आली की अजूनही वाटते, खाली कोणीतरी आधीच बसले आहे. संकल्प सोडताना 'मम' म्हणजे 'माझ्या' म्हणावे लागते. तेथे मी क्षणभर थांबतो. तेवढ्यात पत्नी पळीभर पाणी तळहातावर सोडते, आणि मी पुढचे म्हणतो.