मसाल्याच्या पाकिटावरचं निळं पान

बायकोने घरच्या काळ्या मसाल्याचा धंदा काढायचं ठरवलं, तेव्हा पाकिटावर चिन्ह कोणतं छापायचं यावरून आमच्यात जेवढी ओढाताण झाली, तेवढी घर बांधतानाही झाली नव्हती. तिला निळं पिंपळपान हवं होतं, मला लाल मिरची. आम्ही बौद्ध. आमच्या दारावरही तेच पान आहे.

मी मोजूनमापून काम करणारा माणूस. बॅनर छापणाऱ्याकडून पान आणि मिरची असे दोन नमुने काढून घेतले. पाकिटावर येतील तेवढे लहान करून फळीवर ठेवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले. पान चटकन ओळखू आलं. मिरची म्हणजे नुसता लाल फराटा. रंग काढून पाहिला, तरी पानच उठून दिसलं.

तरीही मी मिरचीच धरून बसलो. मंठ्याच्या ज्या दुकानात आमचा माल राहणार होता, तिथला दुकानदार पानाचा नमुना बघून मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "भाऊ, मसाला एक नंबर. पण ते पान काढा. गिऱ्हाईक आधी बघतं, कुणाच्या घरचा हाय म्हणून."

बायकोला मी एवढंच सांगितलं की निळा रंग मसाल्याला शोभत नाही.

"मिठाच्या पुडीला शोभतो, अन् मसाल्याला न्हाई?"

छापायला द्यायच्या दिवशी बॅनरच्या दुकानात ती म्हणाली, "टाका मिरची. पण खरं कारण ह्या भाऊसमोर बोलून दाखवा."

तो संगणकापुढे बसून आमच्या तोंडाकडे बघत होता. "सर, जल्दी सांगा. लग्नाचे बॅनर पडलेत."

दुकानदाराचं ते वाक्य मला तोंडातून काढता येईना.

"पान," मी म्हणालो.

"अन् जरा मोठं करा," ती त्याला म्हणाली.

माल दुकानात गेला. आठवड्याने आम्ही दोघं बघायला गेलो, तर दोरीला टांगलेली सगळी पाकिटं चित्र भिंतीकडे करून लावलेली.

"वाऱ्यानं फिरली असतील, ताई," दुकानदार म्हणाला. पंखा बंद होता.

बायको स्टुलावर चढली आणि एकेक पाकीट रस्त्याकडे वळवत गेली. दुकानदार वजनकाटा पुसत राहिला. आम्ही निघालो तेव्हा सगळी पानं बाहेरून दिसत होती. आमची पाठ वळल्यावर तशीच राहिली का, हे विचारायला मी फोन उचलतो आणि परत ठेवून देतो.