आलापल्लीच्या वाटेवर काटा पडला

गाडी सोमवारी विकली जाणार होती, म्हणून आम्ही शनिवारीच निघालो. बाबांची काळी मोटार पंचावन्न सालची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. बाबांची पहिली नोकरी आलापल्लीची. तिथल्याच एका साहेबांकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. विकण्याआधी तिला एकदा तिकडे न्यायचं होतं.

डिसेंबरात पहाटे सहाला चंद्रपूर सोडलं. कोठारीनंतर दोन्ही बाजूंना जंगल. रस्ता अरुंद, ट्रक आला की एक चाक मुरमावर. गोंडपिपरीत आलूबोंडे आणि जहाल तर्री. या वाटेनं जाणाऱ्यांनी इथेच खाऊन घ्यावं आणि पाण्याचा कॅन भरावा. आमचा घरीच राहिला होता.

तोवर इंजिनाच्या तापमानाचा काटा एकशे ऐंशी फॅरनहाइटवर होता. गावाबाहेर तो दोनशेच्या पुढे गेला. बाबांनी काचेवर नखानं टिचकी मारली. लहानपणी मागच्या सीटवर त्याच आवाजानं मला जाग यायची. थांबू या, मी म्हटलं. पुढच्या गावात, ते म्हणाले. मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन मला दोन वर्षं झाली होती, पण बॉनेट अजून तेच उघडत.

मग काटा एकदम एकशे तीसवर आला.

“पाह्य, उतरला. तू उगाच घाबरून राह्यली होती.”

“बाबा, इंजिन बंद करा. आत्ता.”

काट्याला जोडलेला, उष्णता मोजणारा बल्ब इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो कोरडा लोंबतो आणि कमी दाखवतो. इंजिन मात्र तापतच असतं. आणखी दोन मैल गेलो असतो तर हेड तडकलं असतं आणि सोमवारी द्यायला भंगार उरलं असतं. हे मी चालत्या गाडीत सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चावी फिरवली.

रेडिएटरचा खालचा होज, पाण्याची रबरी नळी, चिरला होता. तापलेल्या झाकणाला मी त्यांना हात लावू दिला नाही, घड्याळ लावून अर्धा तास थांबवलं. शेजारच्या खळ्यावर धान झोडणारी एक म्हातारी कळशी घेऊन आली.

“काऊन बाई, गाडी तापली का बुढा?”

“दोघंही,” मी म्हटलं. बाबा तेवढं हसले.

डिकीत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी होती. ती होजवर ताणून गुंडाळली, वर तार आवळली आणि दाब चढू नये म्हणून झाकण सैल ठेवलं. पाणी हळूहळू ओतलं. दुपारी आलापल्लीला पोचलो. सागाच्या झाडांखाली बाबांचं जुनं क्वार्टर तसंच होतं. ते आत गेले नाहीत, गाडीला टेकून बराच वेळ उभे राहिले.

परतताना त्यांनी काट्याकडे पाहिलंच नाही. दर काही मैलांनी नुसतं विचारायचे, “किती?” मी आकडा सांगायची. त्या प्रवासातलं मला अजून ऐकू येतं ते एवढंच.

सोमवारी सकाळी नवा होज मीच बसवला. चावी देताना बाबा घेणाऱ्याला म्हणाले, “काटा चढला तं थांबजा. एकदम पडला तं आधी थांबजा.”

हे कोणत्या मिस्त्रीनं सांगितलं, त्यानं विचारलं.

“हाये एक,” बाबा म्हणाले. “घरचाच.”