चित्र, चित्र, बटण, बटण

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी केली ती मुख्यतः स्वतःचं कौतुक व्हावं म्हणून. बायको-मुलगी पुण्यात, मी बदलीवर इथे एकटा. रविवार कशात तरी घालवायला हवाच होता. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, गणपतीचे कार्यक्रम एका देखण्या चित्रात कोंबलेले आणि खाली सूचना: 'नावनोंदणीसाठी लाल बटण दाबा.' जुने फोटोही चढवले.

कौतुकाचा एकच फोन आला.

"तुम्हीच का ते वेबसाइटवाले?" गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले, दृष्टी गेलेले एक काका बोलत होते. "माझा मोबाइल पडद्यावरचं वाचून दाखवतो. तुमच्याकडे आला की नुसता 'चित्र, चित्र, बटण, बटण' म्हणतो. लाल कुठलं, ते त्याला कसं विचारू?"

"दुरुस्त करतो, काका."

"करा. त्या फोटोंत आमची हीसुद्धा असणार. ती गेली. कुठल्या फोटोत आहे, तेवढं कळू दे."

चित्रामागे शब्दांत वर्णन लिहिता येतं. मोबाइल ते वाचतो. मी झटपट सगळीकडे 'मंडळातील महिला' असं डकवून मोकळा झालो.

"सगळ्याच 'मंडळातील महिला'! आता काय, हजेरी घेऊ?" काकांनी पुन्हा फोन केला.

मग रोज संध्याकाळी काकांचा फोन यायचा. मी फोटो उघडून सांगायचो, ते ओळखायचे.

"हिरवी साडी, हातात झारा."

"छे! ती बजबज स्टेशनच्या साहेबांची बायको. आमच्या हिच्या हातून झारा काढून घेतलान्, दुसरं काय!"

ऑफिसात हिंदी-इंग्रजी, खाली दुकानात मोडकं बंगाली. मराठी बोलायचो ते एवढंच. म्हणून फोटो मी अंमळ सावकाशच उघडायचो.

एके दिवशी म्हणालो, "मोदकांच्या पातेल्याशी एक बाई. चष्मा वाफेने पांढरा झालाय. तरी कॅमेऱ्याकडे रागावून बघतायत."

काकांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"कॅमेऱ्याकडे नव्हे. माझ्याकडे. फोटो मीच काढत होतो. म्हणाली, 'मोदक फुटतील, व्हा बाजूला!'" मग म्हणाले, "चष्म्यासकट लिहा. काही गाळू नका."

तसंच लिहिलं. बाकीच्या फोटोंची वर्णनंही नीट लिहिली. कार्यक्रम चित्रातून काढून साध्या मजकुरात टाकले, अक्षरं काळी केली, बटणावर 'नावनोंदणी' घातलं.

आता काकांना तिथे सगळं स्वतःचं स्वतः सापडतं. मला कशाला फोन करतील? संध्याकाळी मोबाइल जवळ घेऊन बसतो आणि एखाद्या फोटोचं वर्णन मुद्दाम चुकीचं लिहावं का, असा विचार करतो.