पडद्यावरचा राखाडी रंग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. अंबादासची बदली झाली, हे तिला माहीत आहे. ती कशामुळे झाली, ते माहीत नाही.

विषय तसा रुक्ष आहे. मी सोलापुरात एका इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. शहरभर आमची जोडणी आहे, शिवाय इकडे टेंभुर्णी, तिकडे मंगळवेढा असे टॉवर आहेत. प्रत्येक टॉवरवर यंत्रांचे डबे. ते चालू आहेत की बंद, यावर लक्ष ठेवायला ऑफिसात एक सर्व्हर असतो. तो दर मिनिटाला प्रत्येक डब्याला विचारतो — आहेस का? उत्तर आलं की पडद्यावर हिरवा ठिपका. उत्तर आलंच नाही तर लाल. आणि त्या डब्याला विचारायची पाळीच अजून आली नसेल, तर राखाडी. राखाडी म्हणजे, मला माहीत नाही.

सर्व्हर केवढा घ्यायचा, ते मी ठरवलं होतं. शहरातले डबे आधी जोडून पाहिले, सर्व्हरवर किती ताण येतो ते मोजलं आणि जिल्ह्याच्या हिशेबानं गुणलं. थंडीचे दिवस होते, वीज जात नव्हती, सगळे डबे गुण्यागोविंदानं उत्तरं देत होते. सर्व्हर विकणाऱ्यानं फोनवर विचारलंही होतं, की एखादा अख्खा तालुका एकदम बंद पडला तर काय होतं ते पाहिलंय का. मी म्हणालो, त्याची गरज नाही. का म्हणालो? मालकांसमोर आधीच बोलून बसलो होतो, की एवढ्यात होईल, पुरून उरेल. या कामात माझा शब्द शेवटचा मानत. तो तसाच राहायला हवा होता — एवढंच.

चूक साधी होती. जिवंत डबा चुटकीसरशी उत्तर देतो. मेलेला देत नाही, म्हणून सर्व्हर त्याच्यापाशी थांबतो, पुन्हा विचारतो, परत थांबतो. म्हणजे खरा भार मेलेल्यांचा. मी मोजला होता जिवंतांचा.

उन्हाळा लागला, तालुक्यातालुक्यात वीज जायला लागली आणि सर्व्हर धापा टाकू लागला. एकीकडचे डबे बंद पडले की दुसरीकडच्यांची पाळीच येईना. पडदा राखाडी होऊ लागला. मालक येता-जाता विचारायचे, हे राखेसारखं काय दिसतंय? तेव्हाच सांगायचं होतं. साहेब, सर्व्हर अपुरा आहे, माझा अंदाज चुकला. मालक चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. दुसरं काय झालं असतं?

मी राखाडी काढून टाकला. सेटिंगमध्ये एक बदल — नवीन माहिती येईपर्यंत जुनाच रंग राहू द्यायचा. पडदा पुन्हा हिरवागार झाला. मालक खूश झाले. ही चूक नव्हती, हे मला कळतं. चूक आधीची होती. हे मी जाणूनबुजून केलं.

त्या पडद्यासमोर अंबादास बसायचा. विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू बोलणारा. वडील चादरींच्या सुताला रंग द्यायचे. गप्पिष्ट माणूस. ठिपका लाल झाला की हेडफोन लावता लावता म्हणायचा, रुसला बघा, सर.

एके दिवशी सकाळी टेंभुर्णीकडची वीज गेली. तिकडचे ठिपके लाल झाले, अंबादास तिकडच्या माणसांना फोन करत राहिला. त्याच सकाळी मंगळवेढ्याकडची जोडणीही तुटली. पण सर्व्हर टेंभुर्णीच्या मेलेल्या डब्यांपाशी अडकला होता. मंगळवेढ्याची पाळी आली नाही, ठिपके हिरवेच राहिले. तिथली एक पतसंस्था आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ज्वारी विकून आलेली माणसं तिच्या खिडकीपुढं दुपारपर्यंत उभी राहिली आणि तशीच परत गेली. संस्थेनं आमची सेवा बंद केली.

मालकांनी आम्हा सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. अंबादास एकच सांगत होता, "साहेब, हिरवंच होतं की. मी तितंच बसलेलो."

"लाल-हिरवं कळतं ना रे तुला? का सिग्नलला पण दुसऱ्याला विचारून गाडी काढतोस?" मालक म्हणाले.

एक-दोघं हसले. अंबादासही हसला. "आमच्या घरात रंग चुकला की जेवाण मिळत नव्हतं, साहेब."

मालक माझ्याकडे वळले. सर्व्हर बरोबर आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर्व्हर बरोबर आहे."

अंबादासनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — माझ्यावर विश्वास ठेवून पाहिलं. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार. आणि हे इथं थांबलं असतं तरी एक वेळ... पण बाहेर आल्यावर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, एकदा डोळे दाखवून घे, वयानं होतं असं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी आपणहून बोललो. त्यानं माझे आभार मानले.

त्याला पडद्यावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. पुढं मी दुसरंच कारण सांगून सर्व्हरची मेमरी वाढवली, डिस्क बदलल्या, राखाडी परत आणला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आता सर्व्हर खरोखर बरोबर आहे.

डॉक्टरांनी अंबादासचे डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. तरी स्टोअरमध्ये केबल काढताना तो शेजारच्याला विचारतो, निळीच ना ही?

यंदा त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला येतो म्हणाला, तर मीच त्याच्या घरी गेलो. जाताना मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचं. त्यानं कौतुकानं लग्नाची साडी काढून आणली, घडी उलगडून माझ्यासमोर धरली.

"सर, हिरवीच हाय न्हवं?"

त्याची बायको आतून म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलंय चांगलं हायेत म्हणून, तरी येईल त्याला इचारत बसतेत."

तो साडी धरून उभा होता. माझ्या उत्तराची वाट बघत होता.

हिरवीच आहे, मी म्हणालो. तेवढंच म्हणालो. चहा घेतला, पत्रिका घेतली आणि निघालो.